संकोचामागचे दुखणे



आजचा विषय चारचौघांत काढण्याजोगा नाही, असे काहींना वाटेल. पण रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले, ते असल्या विषयांवर उघडपणे बोलता यावे म्हणूनच. तेव्हा आम्हीही संकोच बाजूस ठेवतो.

पंधराव्या लुईचे शल्यवैद्य पेरोनी यांनी १७४३ साली एका विकाराचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो आज ओळखला जातो. पुरुषाच्या इंद्रियात ताठरतेच्या वेळी रक्ताने भरणारे दोन स्तंभ असतात. त्यांभोवती लवचीक पण चिवट आवरण असते. समागमात या आवरणास नकळत बारीक इजा होते आणि काही जणांत ती भरून येताना कठीण वण उरतो, असे मानतात. फुग्याच्या एका अंगास चिकटपट्टी लावून तो फुगवावा, म्हणजे तो त्या बाजूस वाकतो. इथेही तसेच घडते. इंद्रिय वाकते, दुखते, कधी ताठरताही उणावते. पन्नाशीच्या आसपास हा विकार अधिक दिसतो. मधुमेह्यांत त्याचा संभव वाढतो.

हा कर्करोग नव्हे, संसर्गजन्य नव्हे, आणि तरुणपणीच्या कोणत्याही 'पापा'चे फळ तर मुळीच नव्हे. तरीही गृहस्थ मनात कुढतो, काहीतरी निमित्त काढून अंथरूण वेगळे करतो. बायकोस वाटते, आपल्यावरचे मन उडाले. तीही विचारीत नाही. वण असतो बोटाच्या पेराएवढा, पण त्यापायी घरात भिंत उभी राहते. आमच्या मते या दुखण्याचे खरे नुकसान ते हेच.

उपाय आहेत. पहिले सहा ते अठरा महिने विकार बदलत असतो. पुढे वेदना बहुधा शमते, वाक मात्र क्वचितच आपोआप जातो. तो थोडा असून संसारास अडथळा होत नसेल, तर काहीच करावे लागत नाही. वण विरघळविणाऱ्या एका इंजेक्शनास अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली. वाक स्थिरावल्यावर शस्त्रक्रियाही करता येते; तिने लांबी थोडी घटू शकते, हे रुग्णास आधीच सांगितले पाहिजे. 'गुप्तरोगावर हमखास इलाज' अशी पाटी रंगवून बसलेल्यांकडे मात्र पैसा जातो आणि वेळही जातो.

म्हणून आमची विनंती एवढीच: मूत्ररोगतज्ज्ञाची पायरी अवश्य चढा, पण त्याआधी घरी बोला. जिच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षे सुखदुःख वाटून घेतले, तिच्यापासून एवढेच एक दुःख चोरून ठेवण्यात पुरुषार्थ तो कसला?