सूर्य सर्वांचा, वीज कोणाची?



साऱ्या जगाचा कारभार सूर्यशक्तीवर चालविता येईल काय, हा प्रश्न एके काळी शास्त्रज्ञांच्या परिषदांपुरता मर्यादित होता. आज तो पिंपरी, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांच्या दारात येऊन उभा आहे. मोठ्या कारखान्यांच्या छपरांवर सौरपट्ट चढले आहेत. त्याच कारखान्यांतील कंत्राटी कामगाराच्या भाड्याच्या खोलीत मात्र विजेचे बिल आले की महिन्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून या प्रश्नाकडे विज्ञान आणि समाजकारण अशा दोन्ही बाजूंनी पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम विज्ञानाचा हिशेब. एक मेगावॉटच्या सौर केंद्राला चार ते पाच एकर जमीन लागते आणि महाराष्ट्राच्या उन्हात त्यातून वर्षाला सुमारे १५ लाख युनिट वीज मिळते. सारे जग आज वर्षाला सुमारे ३०,००० अब्ज युनिट वीज वापरते. एवढी वीज केवळ सूर्यापासून मिळवायची तर आठ ते दहा कोटी एकर जमीन लागेल, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाहून थोडी अधिक. जगाच्या एकूण भूभागाशी ताडून पाहता हे प्रमाण शेकडा पाव इतकेच भरते. उद्या मोटारी, रेल्वे आणि भट्ट्याही विजेवर आल्या व मागणी तिप्पट झाली, तरी ते पाऊण टक्क्याच्या पुढे जात नाही. तेव्हा ऊन अपुरे आहे किंवा पृथ्वी लहान आहे, ही सबब टिकत नाही. २०२४ साली जगातील सुमारे ७ टक्के वीज सूर्यापासून मिळाली. भारताची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली.

मग अडचण कोठे आहे? या औद्योगिक पट्ट्यातील कामगाराला ती एका वाक्यात समजेल. कारखाना तीन पाळ्यांत चालतो आणि सूर्य एकाच पाळीत काम करतो. रात्रपाळीला तो नसतो आणि पावसाळ्यात त्याच्या रजा फार होतात. शिवाय छप्परही पुरत नाही. छोट्या ओतकाम कारखान्यात एक टन लोखंड वितळविण्यास सुमारे ६०० युनिट वीज लागते. एक किलोवॉटचा सौरपट्ट सुमारे १०० चौरस फूट जागा व्यापतो आणि दिवसाला सरासरी चार युनिट देतो. म्हणजे रोज एकच टन लोखंड वितळवायचे झाले, तरी १५,००० चौरस फुटांचे छप्पर हवे. दोन-तीन गुंठ्यांच्या शेडमध्ये भट्टी चालविणाऱ्याने ते कोठून आणावे? ‘ज्याने त्याने आपापल्या छपरावर वीज निर्माण करावी’ हा उपदेश येथे निरुपयोगी ठरतो. त्याला सामायिक वीजजाळे हवे आणि सामायिक साठवणही हवी. पावसाळ्यात साताऱ्याच्या पठारावरील वारा आणि कोयनेचे पाणी सूर्याची उणीव काही अंशी भरून काढू शकतात. परंतु या साऱ्यांची सांगड घालण्याचे काम सार्वजनिक नियोजनाचे आहे, एकेकट्या कारखानदाराचे नव्हे.

साठवणीचा विषय निघाला की पुणे जिल्ह्याला मुळशीची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून टाटा कंपनीने मुळशीत धरण बांधण्यास घेतले, तेव्हा १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरीही जमिनी बुडाल्या. आज त्याच मुळशीच्या जलाशयात भिरा येथील १५० मेगावॉटच्या संचाने खालचे पाणी पुन्हा वर चढविता येते. वीज मुबलक असताना पाणी चढवावे आणि टंचाईच्या वेळी तेच खाली सोडून वीज घ्यावी, ही ती युक्ती. सौरयुगाची रात्रपाळी बऱ्याच अंशी अशाच प्रकल्पांवर चालणार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने टाटा पॉवरशी मावळातील शिरवता आणि कर्जतजवळील भिवपुरी येथे असे मिळून २,८०० मेगावॉटचे प्रकल्प उभारण्याचा सामंजस्य करार केला. शंभर वर्षांनंतर डोंगर तेच आहेत आणि कंपनीही तीच आहे. मुळशीकरांना जे विचारले गेले नाही, ते या वेळी मावळच्या ग्रामसभांना विचारले जाणार की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

जमिनीचा धडा याहूनही ताजा आहे. धुळे जिल्ह्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी सरकारदरबारी वर्षानुवर्षे खेटे घातले. अखेर जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि त्यात त्यांचा अंत झाला. सूर्याची वीज धूर सोडत नाही, पण ती अन्याय करणार नाही याची हमी सूर्य देत नाही. याउलट राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याची जमीन विकत न घेता भाड्याने घेण्याची वाट आहे आणि शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा तिचा उद्देश आहे. ही दिशा बरी आहे. त्या वाटेनेही मालकी खाजगी कंपन्यांकडेच जाऊ नये, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती तीत उतराव्यात, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

आता शहरातील श्रमिकाकडे वळावे. फेब्रुवारी २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण ते स्वतःचे छप्पर असणाऱ्याला. महाळुंगे, निघोजे, कुरुळी येथील खोल्यांत चार-चार जण मिळून राहणाऱ्या तरुण कामगाराला छप्पर आहे ते घरमालकाचे. दुसरीकडे, उद्योगांचा वीजदर चढा ठेवून त्यातून शेतीपंपांचा भार उचलायचा, अशी महावितरणची जुनी घडी आहे. बडे कारखाने स्वतःच्या छपरावरची किंवा खाजगी सौर केंद्राची स्वस्त वीज घेऊन या घडीतून बाहेर पडू लागले, की तो भार मागे राहिलेल्यांवर, म्हणजे भोसरीच्या छोट्या वर्कशॉपवर आणि चाळीतल्या मीटरवर येतो. दोष सौरपट्टाचा नाही, लाभ एकाला आणि बोजा दुसऱ्याला अशा वाटणीचा आहे.

यंत्राच्या मालकीचीही अशीच कथा आहे. सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगापुढे ठेवला. त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पेनिसिलिन ही परदेशी मक्तेदारांची कृपा न राहता देशाची हक्काची वस्तू व्हावी, हा त्यामागचा विचार होता. सौरघटांच्या बाबतीतही तसा आरंभ झाला होता. सार्वजनिक क्षेत्रातील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७७ साली भारताचा पहिला सौरघट तयार केला. पण पुढे त्या बळाची जोपासना झाली नाही. २०२१ साली केंद्र सरकारने हीच कंपनी २१० कोटी रुपयांना विकावयास काढली. विरोध झाल्यावर तो व्यवहार बारगळला. आज सौरपट्टांच्या जागतिक उत्पादनसाखळीतील प्रत्येक टप्प्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग एकट्या चीनच्या हाती आहे. तेलासाठी अरबस्तानाकडे पाहणाऱ्या देशाने उन्हासाठीही परक्या दारी उभे राहावे, ही परिस्थिती लाजिरवाणी आहे.

यातून काही मागण्या स्पष्टपणे निघतात. औद्योगिक वसाहतींतील शेडवर आणि मोकळ्या सरकारी जागांवर सहकारी तत्त्वावर सामायिक सौर केंद्रे व्हावीत, आणि त्यांतील वीज छप्पर नसलेल्या भाडेकरूच्या बिलात वळती व्हावी. दिल्लीने २०१९ साली अशा वळतीची नियमावली केली आहे, तेव्हा ते अशक्य नाही. साठवणीचे प्रकल्प आणि वीजजाळे सार्वजनिक मालकीत राहावेत. पत्र्याच्या छपरांवर चढून पट्ट बसविणाऱ्या कंत्राटी कामगाराला सुरक्षापट्टा, विमा आणि किमान वेतन मिळावे. कोळशाची वीजकेंद्रे बंद होतील तेव्हा चंद्रपूरच्या कामगाराची पर्यायी व्यवस्था आधी व्हावी.

जग सूर्यावर चालू शकते, याची ग्वाही आकडे देतात. ते कोणासाठी चालेल, हे आकडे सांगत नाहीत. ते गेटसभांत, ग्रामसभांत आणि वीजदराच्या जाहीर सुनावण्यांत ठरणार आहे. त्या सुनावण्यांना उद्योगपतींचे वकील नेमाने हजर असतात. कामगारांच्या आणि भाडेकरूंच्या खुर्च्या यापुढे रिकाम्या राहू नयेत.