माळवद हलके, घर पक्के

मंडळी, आज आपण आपल्या घराविषयी बोलू. घर आपल्याला सांभाळते. पण आपणही घराला सांभाळले पाहिजे. होय की नाही?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या धाराशिव जिल्ह्यात कोण विसरेल? आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. लातूरकडे किल्लारी, आपल्याकडे सास्तूर. गावेच्या गावे बसली. साडेसात हजारांहून जास्त माणसे गेली.

आमच्याही घराची भिंत सुटली. माळवद खाली आले. आमचे थोरले चुलते त्या मातीखाली गेले. ती माती त्यांनीच दरसाल वर टाकली होती.

आम्ही तेव्हा शाळेत मास्तर. मुलांना गणित शिकवीत होतो. पण आपल्याच डोक्यावर किती ओझे आहे, ते कधी मोजले नव्हते. आता तुम्हीच मोजा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट जाड माती सुमारे ४५ किलो भरते. खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद. वर माती दीड फूट. किती झाले? ६७५० किलो! म्हणजे ५० किलोची १३५ पोती! गळू लागले की आपण नवी माती टाकतो. जुनी मात्र काढीत नाही.

आता भिंत पाहा. दोन फूट रुंद भिंत भक्कम दिसते. पण तिच्या दोन बाजू वेगळ्या असतात. मध्ये गोटे आणि माती. हादरा बसला की दोन्ही बाजू फुगतात आणि सुटतात.

मग करावे काय?

वरची माती वीतभरच ठेवावी. तिच्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरावा, म्हणजे गळणार नाही.

भिंत बांधताना दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर आरपार जाणारा लांब दगड घालावा. तो दोन्ही बाजूंना धरून ठेवतो.

दाराच्या वर चारही भिंतींवरून सळया घातलेला सिमेंटचा सलग पट्टा घ्यावा. पेटीला पट्टी मारतात, तसाच.

खांब आणि तुळई यांना तिरका लाकडी टेकू ठोकावा.

आधी जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनिअरला घर दाखवावे.

दगडामातीचे घर वाईट नाही बरे का! उन्हाळ्यात ते गार राहते. त्याचा दगड, त्याचे लाकूड पुन्हा कामी येते. म्हणून ते मोडू नका, नीट करा.

आमची एक खोली भूकंपात उभी राहिली होती. तिची माती आम्ही उतरवू लागलो, तेव्हा आई म्हणाली, "आरं, घर गळंल की!" आम्ही म्हणालो, "आई, गळले तर भांडे ठेवू." घर गळले नाही. त्याच खोलीत आज आमची नातवंडे निजतात.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर आपल्या माळवदाची माती हाताने मोजा. वीतभराहून जास्त भरली, तर पावसाळ्याआधी घमेले हाती घ्या.