दिवा धरणारीचे नाव

श्रोतेहो, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र आपण निदान छापील प्रतीत पाहिले असेल. पुष्कळांना ते तैलरंगातले वाटते, आहे जलरंगातले. चित्रकार सावळाराम हळदणकर, घाटाखालच्या सावंतवाडीचे, जन्म १८८२. पण दिवा धरून उभी कोण? त्यांचीच मुलगी, गीता. पुढे गीताबाई उपळेकर कोल्हापुरात राहिल्या, २०१८ साली १०२ व्या वर्षी वारल्या. न हलता उभे राहणे हीही मेहनतच, असे आम्ही कामगारांची माणसे म्हणणार; बक्षीस मात्र चित्रकाराला! आणि आमच्या युनियनच्या भिंतीवरचा फोटो? खाली पुढाऱ्यांची नावे. काजू सोलणाऱ्या बाया 'व इतर'. त्यातल्या काही आज समोर बसल्या आहेत. व्याख्यान आटोपल्यावर नावे लिहून घेणार आहोत, बायांनो, थांबा.