बँका एक झाल्या, आपल्याला विचारलं कुणी?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



ठाणे, कल्याण, डोंबिवली म्हटलं की आपल्याला लोकल गाडी आणि उंच इमारती आठवतात. आपल्या कपाशीचा, ज्वारीचा त्यांच्याशी काय संबंध? संबंध आहे. १ मे २०२५ पासून तिथली आणि आपली ग्रामीण बँक एकच झाली आहे.

१९७५ साली ग्रामीण बँका निघाल्या त्या एकदोन जिल्ह्यांपुरत्या. साहेबाला गाव ठाऊक असावं, पाऊसपाणी ठाऊक असावं, हा हेतू. ठाण्याची ठाणे ग्रामीण बँक होती, औरंगाबाद-जालन्याची वेगळी, मराठवाड्याची वेगळी. एकीत एक मिसळत २००९ साली महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. तिकडे नागपूरला २०१३ साली विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली. आता 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' म्हणून या दोन्हींची एकच. मुख्य कचेरी छत्रपती संभाजीनगरला. देशात एके काळी १९६ ग्रामीण बँका होत्या, आता २८ उरल्या.

आम्ही विलीनीकरणाच्या सरसकट विरोधात नाही. मुंबईच्या पीएमसी बँकेवर २०१९ साली निर्बंध आले, तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला हजारच रुपये काढता येत होते. २०२२ साली ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन केली. बुडत्याला आधार हवाच. पण बँका एकत्र करताना विचारायचं कुणाला? खाजगी बँक असेल तर भागधारक मत देतात, रिझर्व्ह बँक मंजुरी देते. ग्रामीण बँक असेल तर केंद्र सरकार नाबार्ड, राज्य सरकार आणि प्रायोजक बँक यांचा सल्ला घेतं. ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे. पीककर्ज काढणारा कास्तकार मात्र या यादीत कुठंच नाही.

यात आपलं नुकसान कसं होतं ते समजून घ्या. ग्रामीण बँकेनं ७५ टक्के कर्ज प्राधान्य क्षेत्राला द्यावं, त्यात शेतीला १८ टक्के, असा नियम आहे. पण हिशेब सगळ्या बँकेचा एकत्र होतो, तालुक्याचा होत नाही. शिवाय ठरावीक रकमेपर्यंतचं घरकर्जही प्राधान्य क्षेत्रातच धरतात. आता घटकाभर तुम्हीच मॅनेजर व्हा. डोंबिवलीत पगारदाराला फ्लॅटसाठी एक मोठं कर्ज, महिन्याच्या महिन्याला हप्ता. इकडे कोरडवाहू शिवारात पन्नास जणांची पन्नास लहान कर्जं, सगळी पावसाच्या भरवशावर. तुम्ही कुठं द्याल? डोंबिवलीकर आपला वैरी नाही, आपलीच पोरं तिथं पोट भरायला गेली आहेत. खोट हिशेबाच्या मांडणीत आहे.

रिझर्व्ह बँकेला हे कळत नाही असं नाही. २०२४-२५ पासून तिनं नियम केला: ज्या जिल्ह्यात दरडोई प्राधान्य कर्ज ९,००० रुपयांहून कमी, तिथं दिलेलं नवं कर्ज १२५ टक्के धरायचं, जिथं ४२,००० रुपयांहून जास्त, तिथं ९० टक्के. म्हणजे मागास जिल्ह्यात कर्ज देणाऱ्या बँकेचा फायदा. चांगला नियम. पण ग्रामीण बँकांना त्यातून वगळलं. कारण काय, तर त्यांचं कार्यक्षेत्र मर्यादित! ठाण्यापासून गडचिरोलीपर्यंत पसरलेली बँक मर्यादित कशी?

अमेरिकेत १९७७ चा एक कायदा आहे. बँकेनं विलीनीकरणाची परवानगी मागितली, की गरीब वस्त्यांना तिनं कर्ज कसं दिलं याची नोंद पाहिली जाते. लोकांनाही आपलं म्हणणं मांडता येतं. भांडवलदारांच्या देशात हे चालतं, मग आपल्याकडे का नको?

म्हणून आपल्या मागण्या तीन. विलीनीकरणाआधी जिल्ह्याजिल्ह्यात कर्जदारांची जाहीर सुनावणी घ्या. ज्या बँका एक झाल्या, त्यांनी तालुकावार ठेवी किती घेतल्या आणि पीककर्ज किती वाटलं ते दरवर्षी शाखेच्या भिंतीवर लावा. आणि १२५ टक्क्यांचा नियम ग्रामीण बँकेलाही लावा.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हा सल्लागार समिती बसते. तिच्या पुढच्या बैठकीआधी प्रत्येक तालुक्यातून निवेदन गेलं पाहिजे. निवेदनात फक्त एकच प्रश्न विचारा: आमच्या तालुक्यातून किती ठेव नेली आणि किती कर्ज परत दिलं?

पीककर्ज ही भीक नाही. त्या तिजोरीत आपल्याही कापसाचा पैसा आहे.