अण्णांची गोळी आणि उंदरांचं बी-६



'काहीही बोल, पण कॉम्प्युटर नको,' असं संयोजकांनी बजावलंय. म्हणून आज जीवशास्त्र. जीवनसत्त्वांचा तक्ता मी शाळेत घोकला आणि इंजिनिअरिंगला जाऊन विसरले. तो मला अण्णांमुळे पुन्हा भेटला.

अण्णा दौंडला रेल्वेत होते, आम्ही शिरूरला. सुट्टीला ते चौफुला-न्हावरे मार्गे एसटीने यायचे. दमा जुनाच. ऊसतोडणीच्या दिवसांत धुरा-धुळीनं वाढायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरू लागले, झोप उडाली. त्यांच्या दम्याच्या गोळीत थिओफिलीन होतं. हे द्रव्य १८८८ साली आल्ब्रेश्ट कोसेल यांनी चहाच्या पानांतून वेगळं केलं.

मी वाचत बसले. आपण खातो ते बी-६ शरीरात जसंच्या तसं कामाला येत नाही. एक विकर त्याला फॉस्फेट जोडून देतं, मग ते उपयोगी पडतं. थिओफिलीन नेमकं त्याच विकराला अडवतं. मेंदूला शांत ठेवणारं 'गाबा' हे रसायन तयार व्हायला हेच तयार बी-६ लागतं. उंदरांना थिओफिलीनचा मोठा डोस दिला की झटके येतात, आणि बी-६ दिलं की ते कमी होतात.

मला वाटलं, चूक सापडली! बी-६ च्या गोळ्या घेऊनच घरी आले.

डॉक्टरांनी त्या बाजूला ठेवल्या आणि अण्णांना विचारलं, "दिवसाला किती गोळ्या घेता?" अण्णा खाली बघत म्हणाले, "दम लागला की एक जास्तीची." मी हे कधी विचारलंच नव्हतं. रक्तात थिओफिलीन जास्त निघालं. या औषधात उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडंच असतं. असंच चाललं असतं तर अण्णांनाही झटके आले असते, असं डॉक्टर म्हणाले. बी-६ सुद्धा फार दिवस भरमसाट घेतलं तर नसांना इजा करतं. गोळी कमी झाली, इनहेलर आला, थरथर थांबली.

उंदरांचा प्रयोग खरा होता, माझा निष्कर्ष घाईचा होता. विज्ञानाच्या बाई माझ्या वहीत लिहायच्या, "उत्तर आहे, पायऱ्या कुठे?" बाई, तीस वर्षांनी समजलं.

आता आपले आईवडील सत्तरीत आहेत. घरी गेलात की त्यांच्या गोळ्यांची पिशवी उघडा, कोणती गोळी किती घेता ते विचारा आणि ती पिशवी तशीच डॉक्टरांकडे न्या.