दर्यासारंग आणि दौलतखान : एक की दोन?



मालवणसमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा मुहूर्त झाला. हा दुर्ग कोणी उभारविला, हे मुलांनाही ठाऊक आहे. परंतु त्याच्या आश्रयाने वावरणाऱ्या आरमाराचे अधिकारी कोण, असे विचारले की उत्तरे अडखळू लागतात. दर्यासारंग, दौलतखान आणि मायनाक भंडारी ही नावे सर्वत्र भेटतात. आणि त्यांपैकी पहिली दोन एकाच पुरुषाची, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते.

हा गोंधळ निष्कारण झालेला नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे बखर लिहिली. आरमाराच्या सुभ्यांविषयी लिहिताना तो दर्यासारंग नावाचा मुसलमान सुभेदार आणि मायनाक भंडारी, असे दोघे सांगतो; तेथे दौलतखान नाही. उलट १६७९ मध्ये खांदेरीसाठी झालेल्या संघर्षाचा वृत्तांत मुंबईकर इंग्रजांच्या पत्रव्यवहारात वाचावा, तर बेटावर तटबंदी करणारा मायनाक आणि आरमार घेऊन चालून येणारा दौलतखान, अशी जोडी दिसते. दोन्हीकडे मायनाक समान. तेव्हा उरलेला मुसलमान अधिकारीही एकच असला पाहिजे, असे बेरीज-वजाबाकीचे अनुमान सहज निघते. सहज निघते, एवढाच त्याचा गुण!

येथे तिसरा कागद उपयोगी पडतो. १६७५ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास एक खरमरीत पत्र लिहिले. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभा राहत होता. मोरोपंत पेशव्यांनी आरमारासाठी पैसा व धान्य यांच्या वराता प्रभावळीवर दिल्या होत्या, आणि सुभेदाराने त्या पोहोचत्या केल्या नव्हत्या. या वराता ज्यांच्यासाठी होत्या, त्यांत दौलतखान आणि दर्यासारंग अशी दोन नावे शेजारी शेजारी आहेत.

या कागदाचे वजन अधिक मानावे लागते. बखर आठवणीवर विसंबून, घटनांनंतर अनेक वर्षांनी लिहिलेली. इंग्रजांची पत्रे ताजी खरी. पण ती शत्रुपक्षाची, आणि त्यांतील एतद्देशीय नावे कानांनी ऐकून उतरविलेली. महाराजांचे पत्र मात्र ज्यांच्याकडे रसद जायची त्या माणसांविषयी, त्यांच्याच धन्याने लिहिलेले. कोणाची थोरवी गाण्याचा त्यात हेतू नाही. एकाच माणसास दोन नावांनी रसद देण्याचे कारणही नव्हते.

तरीही हा पुरावा ताणू नये. सारंग म्हणजे जहाजावरचा प्रमुख. दर्यासारंग हा किताब दिसतो, आणि किताब एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. १६७५ मध्ये हे दोन पुरुष होते, एवढे या पत्राने ठरते. म्हणून दर्यासारंगाविषयीची प्रत्येक नोंद एकाच आयुष्यात गुंफणेही धोक्याचे. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज मालवणहून जलमार्गे बसरूरच्या स्वारीस गेले. त्या स्वारीतील पराक्रम दौलतखानाच्या चरित्रात घालणारे लेखक या दोन नावांच्या सरमिसळीचाच आधार घेतात, आणि त्यामुळे दुसऱ्या कोणा दर्यावर्दीचे श्रेय नकळत हिरावले जाते.

दौलतखानाच्या वाट्याला जे निश्चितपणे येते, तेही थोडके नाही. १६७५ मध्ये पद्मदुर्गाच्या मोहिमेत तो आहे. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी खांदेरीजवळ मराठी आरमाराने इंग्रजांच्या तांड्यावर हल्ला चढविला आणि त्यांचे ‘डव्ह’ हे गलबत पकडले. त्या आरमाराचा तो सरदार होता. पुढे सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावताच, १६८० च्या आरंभी त्यावर चालून जाणाराही तोच.