भूमीची स्पंदने आणि भूगर्भाचा शोध



आपल्या शास्त्रांनी पृथ्वीकायालाही जीव मानले आहे. त्यामुळे भूमी न खोदता तिच्या पोटातील रचना जाणणारी विद्या मला विशेष जवळची वाटते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझा अधिकार केवळ वाचकाचा. परंतु तागा न फाडता पोत ओळखण्याची सवय आम्हा कापडवाल्यांना असतेच.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयना परिसर हादरला. सुमारे १८० माणसे दगावली. त्यानंतरही तेथे लहानमोठे धक्के बसत राहिले आणि तेच अभ्यासकांचे साधन झाले. वीज आधी दिसते, गडगडाट मागाहून येतो. तशा भूकंपाच्या दोन लहरी वेगवेगळ्या वेगाने येतात. त्यांतील अंतर अनेक केंद्रांवर मोजून धक्क्याची जागा व खोली कळते. अर्थात प्रत्यक्ष खडक पाहण्यासाठी शेवटी तेथे छिद्र घ्यावेच लागले. २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोल गेलेल्या त्या छिद्रात सव्वा किलोमीटर काळा पाषाण आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला.

मग जेथे भूकंपच होत नाहीत तेथे काय? भूमी तेथेही स्तब्ध नसते. सागराच्या लाटा, वारा, रहदारी यांनी ती अखंड सूक्ष्म थरथरते. जपानचे नाकामुरा यांनी १९८९ मध्ये या थरथरीचे आडवे व उभे माप ताडून पाहण्याची पद्धत रूढ केली. जमिनीवर ठेवलेल्या एका यंत्राने अर्ध्या-पाऊण तासात काम होते. हिशेब आपल्या वहीत मावेल असा आहे. मऊ थरातून आडवी लहर सेकंदाला २०० मीटर जात असेल आणि तो थर सेकंदाला ५ वेळा डोलत असेल, तर २०० भागिले २०, म्हणजे थर १० मीटर जाड. दोन मजली इमारतही ढोबळमानाने सेकंदाला तितक्याच वेळा डोलते. दोघांचा ताल जुळला की हादरा वाढतो.

सावेडीतील आपले नियोजित सभागृह दोन मजलीच आहे. फरशी, रंग, देणगीदारांच्या पाट्या यांवर आपण तीन बैठका घेतल्या. काळ्या मातीखाली मुरूम किती खोल आहे, हे मात्र कोणी विचारले नाही. मीही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर माझ्या दुकानातून धोतर-लुगड्यांच्या गाठी रवाना झाल्या, तेव्हा त्या भागाला भूकंपाचे भय नाही असेच मानले जात होते. शिलान्यासापूर्वी ही तपासणी आणि पडताळ्यासाठी एक लहानसे छिद्र व्हावे, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. त्याचा खर्च मी देईन, पाटी नको.